राज्यपालांच्या पेटीची किल्ली

मी सीमाभागातल्या, खासबागेतल्या सरकारी कचेरीची तक्रारपेटी बोलतेय. हसू नका, एके काळी माझा मोठा थाट होता.

आधीच्या राज्यपालसाहेबांनी मुद्दाम जाड पत्रा निवडून मला घडवून घेतलं. माणूस मूळचा शिक्षक, पक्का हट्टी. माझी किल्ली कचेरीत ठेवायचीच नाही, राजभवनात ठेवायची, असा त्यांचा नियम. दर महिन्याला त्यांचा माणूस येऊन मला उघडायचा. अर्ज मराठीत असेल तर उत्तर मराठीत, कन्नडमध्ये असेल तर कन्नडमध्ये. सोबतचे मूळ कागद दुरुस्त होऊन, शिक्का घेऊन टपालानं घरी. वडगावच्या शालूबाईच्या सासूचं रेशनकार्ड असंच परत आलं होतं. सासूबाईंनी ते गल्लीभर मिरवलं.

पुढं मुदत संपायच्या आतच साहेबांची बदली झाली. त्यांचा माणूस यायचा बंद झाला. किल्ली कुठं गेली, देवाला ठाऊक. मला मात्र दर खंडेनवमीला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. साहेबांची आठवण म्हणे! काय करू मी त्या माळेचं?

गेल्या सोमवारी शालूबाई यंत्रमागावरच्या कामाचा खाडा करून आली. लेक तेजस्वीच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव चुकलेलं. तिनं अर्जाला मूळ दाखलाच टाचला, कपाळाला लावला आणि माझ्या तोंडात सोडला. मला ओरडावंसं वाटलं. शिपाई मारुतीराव समोरच होते. त्यांनी तिला अडवायचं सोडून मला हात जोडले.

आज शुक्रवार. नर्सिंग कॉलेजनं सांगितलंय, नाव नंतर दुरुस्त करा, पण उद्या शेवटचा दिवस, मूळ दाखला आणा. शाळा म्हणते, दुसरा काढायला पंधरा दिवस. दुपारपासून मायलेकी इथं आहेत. तेजस्वीनं तार घालून बघितली. दाखल्याचा कोपरा दिसतो, हाती लागत नाही.

"आण्णा, कुलूप फोडा की वो," ती मारुतीरावांना म्हणाली.

"साहेबांची पेटी हाय, बाळ. वरनं हुकूम आल्याबिगर न्हाय."

मग तिनंच दगड उचलला. वाटलं, सुटले एकदाची! पण शालूबाईनंच तिचा हात धरला.

"नगं गं. देवमाणसाची पेटी हाय ती. येईल त्यांचा माणूस."

अगं बाई, घालू दे की तिला! कुलूप गंजून गेलंय, एका घावात तुटेल. साहेब असते तर पहिला दगड त्यांनीच घातला असता. पण मला ऐकतंय कोण?

साडेपाच वाजले. मारुतीरावांनी रोजच्यासारखा मला नमस्कार केला, मायलेकींना बाहेर काढलं आणि फाटकाला सोमवारपर्यंत कडी घातली.