घट्ट म्हणजे किती घट्ट

धावपट्टीच्या टोकाला असलेल्या शेडमधल्या मेकॅनिकला सगळे शंकासुर म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. एखादं विमान दुरुस्तीला आलं की बाकीचे आधी पाना शोधत, हा आधी शंका काढी. त्यापायी एका तासाच्या कामाला चार तास लागत आणि लोक वैतागत. पण एकदा त्याच्या हाताखालून गेलेलं विमान त्याच दुखण्यासाठी परत येत नसे, म्हणून वैतागलेले लोकही यायचे त्याच्याकडेच.

त्या सकाळी मात्र तक्रार एक आणि तिची तोंडं दोन होती.

"थ्रॉटल घसरतो," कॅप्टनबाई म्हणाल्या.

"थ्रॉटल नाही घसरत, आईचा हात घसरतो," त्यांची लेक म्हणाली.

बाईंनी उभं आयुष्य पिकांवर औषध फवारणारी विमानं चालवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे दोन माणसांचं छोटं विमान घेतलं आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षीही दर रविवारी त्या आभाळात एक चक्कर मारून येत. त्याचा थ्रॉटल म्हणजे समोरच्या पॅनेलमधून बाहेर आलेला बोटभर जाडीचा दांडा, टोकाला काळी मूठ. आत ढकलला की इंजिन जोर धरतं, बाहेर ओढला की मंदावतं. दांड्याच्या मुळाशी खाचांची एक कडी असते. ती उजवीकडे आवळली की दांडा आहे तिथे राहतो आणि वैमानिकाचा हात दुसऱ्या कामाला मोकळा होतो.

गेल्या रविवारी बाईंनी कडी आवळून हात काढला, नकाशा उघडला, आणि मूठ आपोआप बाहेर सरकू लागली. इंजिनाचा आवाज बसला. बाईंनी मूठ पुन्हा आत दाबली आणि विमान सुखरूप उतरवलं, पण शेजारी बसलेल्या लेकीने काय पाहायचं ते पाहिलं होतं.

"तिने कडी नीट आवळलीच नव्हती," लेक म्हणाली. "तुम्ही तपासा. विमानात दोष निघाला तर माझं काही म्हणणं नाही. नाही निघाला, तर आई आजपासून उडणं सोडणार. तसं ठरलंय आमचं."

"ठरलंय," बाई म्हणाल्या. शब्दाच्या त्या पक्क्या होत्या. पण हे बोलताना त्यांनी विमानाकडे पाहायचं टाळलं, आणि शंकासुराला फार वाईट वाटलं.

बाईंचे यजमान भिंतीजवळच्या बाकावर फडकं घेऊन बसले होते. व्यवसायाने शिंपी, आता दुकान बंद. विमानाच्या काचा पुसण्याचं खातं त्यांच्याकडे होतं आणि ते कुणाच्या अध्यातमध्यात नसत.

शंकासुर आत चढून बसला. इंजिन बंद असताना त्याने कडी आवळली, मूठ ओढून पाहिली. जागची हलली नाही. बाहेर उभ्या लेकीने आईकडे पाहिलं. शंकासुराने मग चाकांना अडसर लावले, शेपटी साखळीने बांधली आणि इंजिन सुरू केलं. मूठ अर्ध्याच्या पुढे ढकलली, कडी पुन्हा आवळली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसता बघत बसला. सगळं विमान थरथरत होतं. मिनिटभर काही नाही. मग त्याला वाटलं, मूठ सरकली. की भास झाला?

दांडा किती सरकतो ते कळावं म्हणून त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि दांड्यावर खूण केली. खूण उमटेना. पुन्हा केली, तरी नाही. पेन्सिलच बिघडली असेल म्हणून तळहातावर ओढून पाहिली, तर तिथे ठसठशीत काळी रेघ.

आता त्याचे कान टवकारले. दांडा दिसायला लखलखीत होता, फडक्याने पुसल्यासारखा. मग पेन्सिल का निसटते? त्याने इंजिन बंद करून दांड्यावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. इंजिनाचं तेल असतं तर काळपट असतं, उग्र असतं. हे पाण्यासारखं पातळ, जवळजवळ बिनवासाचं. असलं तेल आपण कुठे पाहिलंय? एकदम त्याला घरची खिडकी आठवली, खिडकीपाशी पाय मारत बसलेली आई, आणि शिलाई मशीनच्या डोक्यावरच्या भोकात तिने सोडलेले दोन थेंब.

तो खाली उतरला आणि बाकासमोर जाऊन उभा राहिला.

"काका, थ्रॉटलला तेल तुम्ही घातलंत?"

काका गोरेमोरे झाले. "घातलं. का, कमी पडलं?"

"अहो!" बाई ओरडल्या. "थ्रॉटलला तेल?"

"तूच म्हणालीस ना, कडी फार घट्ट लागते म्हणून? घट्ट म्हटल्यावर शिंप्याने काय करायचं? चाळीस वर्षं मशीन चालवली मी. घट्ट झालं की तेल."

"ती घट्टच असावी लागते, काका," शंकासुर म्हणाला. "तिच्या आत चिरलेलं एक छोटं कडं असतं, ते दांड्याला आवळून धरतं. तुमचं तेल तिथवर पोचलं. इंजिनाची थरथर सुरू झाली की पकड सुटते."

बाईंचा चेहरा असा उजळला की दहा वर्षं कमी झाली. "ऐकलंस?" त्या लेकीला म्हणाल्या. लेकही हसली, आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "हरले बाई मी."

कडी सोडवून शंकासुराने आतलं कडं बाहेर काढलं. घासून घासून ते आतून गुळगुळीत झालं होतं. त्याने नवं बसवलं, दांडा आणि कडी पेट्रोलने धुऊन कोरडी केली आणि इंजिन पुन्हा सुरू केलं. पेन्सिलीची खूण उमटली आणि पाच मिनिटं जागची हलली नाही. इतरांचं काम इथे संपलं असतं. याच्या मनात मात्र पाल चुकचुकत होती. बाईंना कडी घट्ट का लागत होती? चांगल्या कडीला इतका जोर लागत नाही.

"बाई, एकदा तुम्ही आवळून दाखवता?"

बाई चढून बसल्या. कडी चिमटीत धरली, फिरवली. अर्ध्यावर अंगठा थांबला. त्यांनी ओठ आवळून पुन्हा जोर केला. मग बोटं बदलली. कडी हलली नाही.

"अंगठा कधीपासून दुखतोय, आई?" लेकीने हळूच विचारलं.

"झाले सहा महिने." बाई समोरच्या काचेकडे बघत म्हणाल्या. "यांना तेवढं सांगितलं होतं."

दोष विमानात निघाला होता, म्हणजे पैज बाईंनी जिंकली होती. लेकीला आता अडवता येणार नव्हतं आणि तिने अडवलंही नाही. शंकासुराला आपल्या चौकसपणाचा पहिल्यांदाच राग आला. तोंड मिटून दुरुस्तीच्या वहीत सही केली असती तर काय बिघडलं असतं? पण काय बिघडलं असतं ते त्याला चांगलंच ठाऊक होतं.

"तुझ्या वहीत लिही," बाईच शेवटी त्याला म्हणाल्या. "यापुढे एकटी उडणार नाही. कडी आवळणारं माणूस शेजारी असेल तरच. मी सही करते."

"मला दर रविवारी नाही गं जमणार, आई," लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"माहीत आहे मला."

बाकावर फडक्याची घडी घातल्याचा आवाज झाला. काका उठले, विमानाला वळसा घालून दुसऱ्या दाराशी गेले आणि पायरीवर एक पाय ठेवून उभे राहिले.

"तुम्ही?" बाई म्हणाल्या. "तुम्हाला तर जिन्यावरसुद्धा चक्कर येते."

"डोळे मिटून बसेन. कडीला डोळे कशाला लागतात?"

कसेबसे ते आत चढले. चाळीस वर्षं जाड कापडावर कात्री चालवलेला त्यांचा अंगठा कडीवर बसला आणि कडी निमूट फिरली.

"बास?" त्यांनी विचारलं. "किती घट्ट करू?"

"मी हात सोडला तरी जागेवर राहील इतकी."

काकांनी आणखी थोडी आवळली. बाईंनी मुठीवरचा हात काढून घेतला.