तळहातावरचा खिमा

रविवारी मी मीठ खात नाही. संदेश लहान असताना त्याचा ताप काही केल्या उतरेना, तेव्हा आदित्यनारायणाला बोलले होते, पोर उठून बसू दे, रविवार अळणी करीन. पोर उठून बसलं, मोठं झालं, ठाण्याला नोकरीला लागलं, त्याचं लग्न झालं. माझे रविवार अळणीच राहिले. सकाळी सूर्याला अर्घ्य, तुळशीला पाणी, दुपारी दूधभात.

आणि आमच्याकडे खिमा व्हायचा तो रविवारीच. ह्यांची कंपनी तेव्हा एमआयडीसीत, सुट्टीचा वार तेवढा एकच. अर्धा किलो खिमा आणायचा आणि तो घरादाराला पुरवायचा, हे माझं कसब. मूठभर चण्याची डाळ भिजवून घालायची, बटाट्याच्या बारीक फोडी, उतरवताना मटार. ताटात खिमा कमी पडलाय असं कधी कुणाला वाटलं नाही.

प्रश्न फक्त मिठाचा. मला चाखता येत नसे. मग हाक मारायची, "संदेश!" तो धावत यायचा आणि उजवा तळहात पुढे करायचा. मी चमच्याच्या टोकावर थोडा खिमा घेऊन, फुंकर घालून त्याच्या हातावर ठेवायची. तो चाटायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "कळलं नाही. परत दे."

लबाड. दुसऱ्या वेळी मात्र बरोब्बर सांगायचा.

कॉलेजात गेला, नोकरीला लागला, तरी हा तळहात पुढे यायचाच. मग गेल्या वर्षी इलेन सून म्हणून आली.

इलेन कल्याणची. संदेशच्याच ऑफिसात. मुलगी चांगली, खोटं कशाला बोलू? माझ्या देवघराला सोवळ्याओवळ्याचं विचारून मगच हात लावते, रविवारी चर्चला जाऊन येताना माझ्यासाठी जास्वंद आणते. पण एका रविवारी म्हणाली, "आई, आज खिमा मी करू? आमच्या पद्धतीचा?"

म्हटलं, कर बाई.

मी जपाची माळ घेऊन बाहेर बसले. माळ हातात आणि कान ओट्याकडे. व्हिनेगरचा वास आला, मिरपुडीचा आला. मग हसण्याचा आवाज. संदेश आत केव्हा गेला कळलंच नाही. डोकावून पाहिलं तर ती चमचा थेट त्याच्या तोंडात घालत होती. "सांग ना, मीठ ठीक आहे?" ती स्वतः चाखू शकत होती की! तिला कुठे व्रत आहे? मग ह्याला कशाला विचारायचं?

माळेतला मणी कुठला होता ते विसरले. पुन्हा पहिल्यापासून धरली.

त्या दिवशी सगळे बोटं चाटत जेवले. आणि कहर म्हणजे तिने वाटीभर खिमा बाजूला काढून ठेवला, सोमवारी उकडलेल्या बटाट्याच्या पारीत भरून, रव्यात घोळवून तळला. अर्धा किलोत दोन दिवस! हे म्हणाले, "अगं, पुरवण्यात हिने तुलाही मागे टाकलं." मी हसले. काय करणार?

तेव्हापासून रविवार तिचा झाला. कुणी ठरवलं नाही, पण झाला. आणि मला तिच्या खिम्याची चवसुद्धा माहीत नाही. रविवारी अळणी, सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा. तोवर भांडं घासून पालथं पडलेलं. न चाखलेल्या पदार्थाचा एवढा राग येतो, हे देवापुढे तरी कसं सांगायचं?

गेल्या रविवारी इलेनची आई, सुझानाताई, जेवायला येणार होत्या. हे म्हणाले, "इलेनलाच करू दे की. तिच्या आईला तिच्याच हातचं आवडेल."

"मीच करते," मी म्हटलं. आवाज नेहमीचाच होता, पण इलेनने हातातला कांदा खाली ठेवला.

सगळं साग्रसंगीत केलं. वाटण बारीक, डाळ बोटचेपी, बटाटे बेताचे शिजलेले. सगळा वेळ एकच डोक्यात, आज तो येऊन हात पुढे करील, हिच्यासमोर, हिच्या आईसमोर. हाक मारली, "संदेश!"

"तो मम्मीला आणायला स्टेशनला गेलाय," इलेन म्हणाली. मग तिने आपला उजवा तळहात माझ्यापुढे धरला. अगदी तस्सा. "मी आहे ना, आई."

म्हणजे हेही त्याने हिला सांगितलं होतं.

"नको," मी म्हटलं. "तो येईल एवढ्यात."

तिचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग ती पाव आणायला खाली गेली. मी गॅस बारीक केला आणि वाट बघत बसले. बटाटे मऊ झाले, मग जास्तच मऊ झाले.

संदेश सुझानाताईंना घेऊन आला. त्यांना पाणी देण्याआधी मी ह्याला आत बोलावलं. तळहात आला, पण डोळे दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर. मी खिमा ठेवला. त्याने तो तोंडात टाकला.

"बरोबर आहे, आई."

"परत देऊ?"

"कशाला? मस्त झालाय." आणि गेला.

पानं वाढली. मी माझा दूधभात घेऊन कडेला बसले. सुझानाताईंनी पहिला घास घेतला, थांबल्या, दुसरा घेतला. "छान झालंय हां, वासंतीताई. हलकं वाटतं पोटाला."

इलेन खाली मान घालून जेवत होती. ह्यांना मात्र राहवेना. "अगं, आज आम्हालाही आदित्यनारायणाला वाहिलंस का? ह्यात मिठाचा कणसुद्धा नाही!"

क्षणभर मला कळेचना. मग आठवलं. अर्धं मीठ आधी घालते, उरलेलं चाखवून. पण आज मिठाच्या बरणीला हातच लावला नव्हता. सगळा वेळ वाट बघण्यात गेला.

मी संदेशकडे पाहिलं. "तू चाखलास ना रे?"

"अगं, ऑफिसचा मेसेज आलेला..." तो ओशाळला. "आणि तुझं नेहमी बरोबरच असतं ना. मी काय चाखायचं?"

इतके रविवार मी जे उराशी धरून बसले होते, ते त्याने कधीच सोडून दिलेलं. आणि मी भांडत होते कुणाशी?

इलेन उठली. उरलेल्या खिम्याचं भांडं उचलू लागली तर सुझानाताई म्हणाल्या, "अगं पोरी, मीठ वरून घेऊ की!"

"नाही मम्मी, वरून घेतलं तर लागत नाही नीट." भांडं घेऊन ती आत गेली. "आई, येता का जरा?"

मी गेले. तिने गॅस लावला, वाटीत कोमट पाणी घेतलं आणि बरणी माझ्यापुढे सरकवली. "मीठ तुम्हीच घाला. मला तुमचा अंदाज नाही."

मी मीठ विरघळवून खिम्यात ओतलं, एक वाफ आणली. तिने तळहात पुढे केला. ह्या वेळी मी नको म्हटलं नाही. फुंकर मात्र मनात नसताना घातली.

तिने चाखलं. डोळे मिटले.

"कळलं नाही, आई. परत द्या."

लबाड. हेही सांगितलंय तर. हसू आलं, ते मी तिला दिसू दिलं नाही. दुसऱ्यांदा ठेवला तो जरा जास्तच ठेवला, त्यात एक मटारही गेला.

"आता?"

"आता बरोबर."

भांडं उचलून ती निघाली, तशी मी म्हटलं, "इलेन, तुझा तो व्हिनेगरवाला खिमा बुधवारी कर."

ती दारातच वळली. "बुधवारी? का हो?"

"बुधवारी मला चालतं. बघू तरी, असं काय आहे त्यात."