बाईंचा कॉलम

सकाळचा भूकंप तसा किरकोळच. भांडी वाजली, दिवे हलले, माणसं पायात चप्पल नसताना अंगणात धावली. इमारतीखाली मागच्या एका कॉलमचा पापुद्रा तेवढा गळून आतल्या सळया उघड्या पडल्या. नगरपालिकेच्या बांधकाम तपासनीस बाई तो बघायला आल्या त्या ऐटीतच. ही इमारत त्यांनीच पास केली होती आणि त्याच भरवशावर त्यांच्या लेकीने तिसऱ्या मजल्यावर डोळे मिटून घर घेतलं होतं.

बाई वाकल्या आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

हा भाग भूकंपाच्या जास्त धोक्याच्या पट्ट्यात गेला, तेव्हापासून नियम एकच: कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोकं आत, काँक्रीटच्या पोटात वळलेली हवीत. नुसती काटकोनात दुमडली, तर मोठ्या हादऱ्यात रिंग उघडते आणि कॉलम फुटतो. या नियमावरून बाईंनी भल्याभल्यांना घाम फोडला होता. आणि इथे एकूण एक रिंग काटकोनातली!

त्यांनी गावभरच्या इमारतींच्या सळया बांधणाऱ्या म्हाताऱ्या मुकादमाला बोलावून घेतलं. त्याला ना लाज, ना भीती. टोकं आत वळवायला दुप्पट वेळ लागतो आणि वरून बिल्डरची घाई असायची, असं त्याने सरळ सांगून टाकलं.

"पण बाई, तुमचा कॉलम आम्ही कधी चुकवला नाही."

"माझा कॉलम?"

"जिन्याजवळचा. गुडघा दुखायचा म्हणून तुम्ही तेवढाच बघायचात ना? तो आम्ही झकास बांधायचो. नावच पडलं होतं त्याला, बाईंचा कॉलम."

हे तो कौतुकाने सांगत होता, हे विशेष.

"प्रत्येक इमारतीत?" बाईंनी विचारलं.

"प्रत्येक."

बाई मटकन पायरीवर बसल्या. नऊ वर्षं! गावभर त्यांची सही, आणि सहीमागे एकेक शोभेचा कॉलम. कामचुकार म्हणून दुसऱ्यांना झोडपणारी ही बाई स्वतः काय करत होती? त्यांना स्वतःची शिसारी आली.

तेवढ्यात लेक जिन्यावरून डोकावली. अंगणात ताटकळलेल्या शेजाऱ्यांना ती हसून म्हणाली, "चला वर, घाबरू नका. आईने स्वतः पाहून पास केलंय. हो ना गं आई?"

सगळे बाईंकडे बघू लागले. दोघे-तिघे तर जिन्याकडे निघालेही.

बाई उठल्या आणि दोन्ही हात पसरून जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या.

"तू खाली ये आधी," त्या लेकीला म्हणाल्या. "मी पाहिलंच नव्हतं."