खाडीदर्शनचा भोंगा आणि नीराबाईचा आवाज

मित्रांनो, मी दिघीच्या ‘खाडीदर्शन’ इमारतीतला जुना भोंगा. आगीचा. तिसऱ्या मजल्यावर जिन्यात मला भिंतीला ठोकलाय खरा, पण स्वस्थ बसणं माझ्या अंगातच नाही. जरा कुठे धूर दिसला की घशात नुसती खाज सुटते. नवा होतो तेव्हा असा ओरडायचो, की आगरदांड्याला निघालेली फेरीबोट घाबरून मागे वळायची. खोटं वाटतं? विचारा त्या बोटीला!

तेव्हा माझा मान होता. मी वाजलो की सगळे अनवाणी खाली. मग सगळं बिघडलं. माझ्यासमोर कुलसुमभाभी एकट्या राहतात, मुलगा उझैर दुबईला. त्यांना जेवणात भाजलेला सुका बोंबील हवाच. तव्यावरचा धूर जिन्यात आला की मी सुरू! मग खालून मासळीवाली नीराबाई ओरडायची, “ओ भाभी, खिडकी उघडा! भोंग्याला पण भूक लागली!”

सगळी इमारत हसायची. भाभी मात्र लाजून दार-खिडक्या घट्ट लावून आत बसायच्या. एकदा तर त्यांनी जुनी ओढणीच माझ्या तोंडात कोंबली.

पुढे पुढे मी वाजलो तरी कुणी उठेना. मला एकच घोर. खरंच पेटलं, तर भाभी दार लावून आतच बसतील.

शेवटी वायरमन हितेश आला. त्यानं ओढणी उपसली आणि मला बोलायला शिकवलं. घरातल्या धुराला नुसती शिट्टी, मागच्या मीटरखोलीत धूर झाला तर शिट्टीनंतर माणसाचा आवाज. आधी त्यानं एका बाईंचा गोड आवाज भरला, “कृपया शांतपणे बाहेर पडा.” लोकांना वाटलं, कुणाला तरी बँकेचा फोन आलाय!

हितेश म्हणाला, “नीराबाई, तूच बोल.”

“काय बोलू? बांगडा घ्या, बांगडा?”

“आग लागली तर भाभींना कशी हाक मारशील?”

नीराबाईनं पदर खोचला. “ओ भाभी! बोंबील न्हाय, खरी आग हाय! दार उघडा, लिफ्ट सोडा, जिन्यानं खाली या. न्हाय आल्या तर मी वर येईन हां!”

एका दुपारी मीटरखोलीत वायर जळली. मी शिट्टी घातली. भाभींनी सवयीनं खिडकी लावली. मग मी नीराबाईच्या आवाजात कडाडलो. दार धाडकन उघडलं. हातात चिमटा घेऊन भाभी तरातरा खाली उतरल्या. “आज तर मी नुसती डाळ शिजवली, आणि ही बाय मलाच बोलते!”

खाली फाटकात नीराबाई डोक्यावर टोपली घेऊन उभी. तोंड बंद. आवाज मात्र वरून चालूच! भाभींनी वर बघितलं, खाली बघितलं, मग मागचा काळा धूर बघितला. भांडायचं विसरल्या. नीराबाईचा हात धरला तो आग विझेपर्यंत सोडला नाही.

मित्रांनो, तुमच्या भोंग्यालाही अधूनमधून ओरडू द्या. तोंडात बोळे कोंबू नका. गप्प बसून आमचा जीव कासावीस होतो.

नीराबाई आता माणगावला लेकीकडे असते. भाभी दर महिन्याला माझी धूळ पुसतात आणि बटण दाबतात. तपासणी, म्हणे! “मी वर येईन हां!” असं मी ओरडलो की हळूच म्हणतात, “ये ना गो बाय, कधी येतेस?”