गिळलेलं टोकन

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला स्वस्थ बसवत नाही. मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. आज वाळूजच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये घोंगडीच्या तुकड्याखाली उभा आहे, पण एके काळी मला क्षणाचीही उसंत नव्हती. समोर खेळणारा असो वा नसो, माझ्या काचेवरची विमानं आपली उडतच असायची. कुणी पाहत नसताना मी एकटाच लढायचो, एकटाच हरायचो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. असा स्वभाव असलेल्याला कोपऱ्यात उभं राहण्याची शिक्षा किती जड जात असेल, ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म मुंबईतल्या एका कारखान्याच्या माळ्यावर झाला. प्लायवूडचा निळा खोका, आत जुन्या टीव्हीची काच आणि परदेशातून आलेली सर्किटची हिरवी पट्टी, एवढंच माझं कूळ. बाहेर एक दांडा, दोन बटणं, पुन्हा एक दांडा, पुन्हा दोन बटणं, कारण माझ्यावर दोघांना मिळून खेळता येतं. तिथून मी औरंगाबादेत पैठण गेटजवळच्या एका दुकानात आलो. शहराचं आजचं नाव तेव्हा नव्हतं. दुकानात नवी मशिनं आल्यावर मालकाचं माझ्यावरचं लक्ष उडालं आणि त्यानं मला विकायला काढलं. मला घेतलं ते मल्हारराव धनगरांनी.

आता धनगराला व्हिडिओ गेम कशाला हवा, असं तुम्ही विचाराल. त्यांच्या बायकोनं, बानाबाईनंही तेच विचारलं होतं. झालं असं की वाळूजला कंपन्यांवर कंपन्या उभ्या राहत होत्या. ज्या माळावर मल्हाररावांची मेंढरं चरायची त्याला तारेचं कुंपण पडलं. मेंढरांना चरायला जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी कळप विकला. थोरला मुलगा बिरू कंपनीत रंगखात्यात लागला. पाळी सुटली की पोरं चहाच्या टपऱ्यांवर रेंगाळतात हे मल्हाररावांनी पाहिलं, रस्त्याकडेला पत्र्याचं दुकान टाकलं आणि मला आणून उभं केलं.

"याला चारा नको, पाणी नको, पायलागाचा रोग व्हत नाय," ते कौतुकानं म्हणाले.

"चारा नको, पण लाईट लई खायलंय," बानाबाई म्हणाली.

पहिल्याच दिवशी मल्हाररावांनी माझ्या कपाळावर भंडारा लावला. भंडारा म्हणजे खंडोबाची, बिरोबाची हळद. कळपातल्या नव्या मेंढ्याला लावावा तसाच तो मला लावला. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. पुढं हीच हळद माझ्या गळ्याशी येणार आहे, हे कुणाला ठाऊक होतं?

दुकान धडाक्यानं चाललं. दुपारी पहिली पाळी सुटली की पोरं सायकली फेकून आत घुसायची. बानाबाईकडून पितळी टोकन घ्यायचं, माझ्या फटीत टाकायचं, की खेळ सुरू. पण यंत्र म्हटलं की दुखणं आलंच. लाईटचा दाब खालीवर झाला की माझी काच थरथरायची, बटण अडकायचं आणि कधीकधी टोकन घशातच राहायचं. मग आरोळी उठायची, "मामा, गिळलं!" मल्हारराव येऊन माझ्या बरगडीत एक चापट मारायचे. टोकन खाली पडलं तर ठीक, नाहीतर दुसरं द्यायचे. हळूहळू काही चलाख पोरांनी हे ओळखलं. टोकन न टाकताच ती "गिळलं" म्हणू लागली. खरं कोण आणि खोटं कोण, हे कसं ओळखणार? माझी मागची फळी उघडायला मल्हारराव करंटला भीत.

मला मात्र सगळं ठाऊक असायचं. कुणाचं टोकन माझ्या घशात आहे आणि कुणाचं त्याच्या खिशात, हे माझ्याइतकं कोण जाणणार? पण मला बोलता येत नव्हतं. मी आपला विमानं उडवत राहायचो आणि आतल्या आत तडफडायचो.

शेवटी मल्हाररावांनी आपल्या माळावरचा न्याय दुकानात आणला. मेंढरांवरून भांडण झालं की धनगर भंडारा उचलायला लावतात. देवाची हळद हातात घेऊन खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही. त्यांनी भंडाऱ्याची डबी गल्ल्याशेजारी ठेवली. "गिळलं म्हनतो ना? उचल भंडारा, घे दुसरं टोकन." मात्रा लागू पडली. खोटारडे डबी पाहूनच मागं सरायचे. "मल्हारमामाच्या दुकानात अन्याव नाय," असं बजाजनगरपर्यंत बोललं जाऊ लागलं आणि मल्हारराव मिशीला पीळ देत हिंडू लागले.

पण मित्रांनो, करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी गत झाली. भंडारा उचललेला हात पोरं कुठं धुवायची? त्याच हातानं दांडा धरायची, त्याच बोटांनी टोकन सारायची. हळद, घाम आणि कंपनीचं तेल मिळून माझ्या घशात पिवळा चिखल बसला. त्यात टोकनं जास्तच अडकू लागली. जास्त अडकली म्हणून तक्रारी वाढल्या, तक्रारी वाढल्या म्हणून भंडारा जास्त उचलला जाऊ लागला. शहरातून मिस्त्री आला. त्यानं माझ्या टीव्हीची वायर बदलली आणि निघून गेला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मी ओरडून सांगणार तरी कसा?

माझ्यावर सगळ्यात सुरेख खेळायचे ते बिरू आणि कचरू. कचरू बिरूच्याच कंपनीत ग्रीस भरायच्या कामाला होता. पाळी सुटली की हात न पुसता थेट यायचा. माझ्या काचेवर त्याच्या काळ्या अंगठ्याचा ठसा उमटायचा आणि बानाबाई कुरकुरत तो पदरानं पुसायची. "कचऱ्या, तुजा आंगठा म्या सपनातबी वळखीन," ती म्हणायची. तो हसून म्हणायचा, "मग मामी, सही करायला मलाच न्या." बिरू डावीकडून चढाई करायचा, कचरू उजवीकडून पाठ राखायचा. टोकन अडकलं तर बिरूच दोघांच्या वतीनं भंडारा उचलायचा. कचरूनं का उचलू नये, हे कधी कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

मग ते दिवस आले. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न कितीतरी वर्षं धुमसत होता आणि आता निर्णय होणार अशी कुणकुण होती. दुकानात रेडिओ लागला की सगळे गप्प व्हायचे आणि बंद झाला की दबक्या आवाजात बोलायचे. शटर अर्धं खाली असायचं. कंपनीच्या बस कधी यायच्या, कधी वाटेतूनच परत फिरायच्या. काल एकाच बाकावर बसून चहा पिणारी पोरं आज कुणाशेजारी कोण बसतंय ते पाहू लागली. माझ्या काचेवरच्या लढाईत निदान शत्रू कोण ते तरी कळायचं.

अशाच एका दुपारी कचरूनं माझ्यात टोकन टाकलं. ते घशात पिवळ्या चिखलाला चिकटून बसलं. कचरू म्हणाला, "मामा, गिळलं."

बिरू सवयीनं डबीकडं हात नेऊ लागला, तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं, "दर बारीला तूच कामून? ज्याचं टोकन त्यानं उचलावा. आज त्यालाच उचलू दे की."

बिरूचा हात तिथंच थांबला. त्यानं बापाकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मल्हाररावांना सगळ्यांचे डोळे आपल्यावर आलेले जाणवले. न्यायाला नाव होतं, ते जपायचं होतं. त्यांनी डबी पुढं केली. "उचल रं कचरू. सगळ्यास्नी एकच नियम."

कचरू डबीकडं बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "मामा, माझ्या बापानं बावीस प्रतिज्ञा घेतल्यात, म्याबी घेतल्यात. देवाची आन मला घेता येत नाय."

"मंग खोटं बोलतोस म्हनायचं का?" मागचा आवाज म्हणाला.

कचरूनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. तो मल्हाररावांनाच म्हणाला, "म्या खरं बोलतोय हे पटवायला मला आधी माजा शब्द मोडावा लागंल. ते नाय व्हायचं. टोकन ऱ्हाऊ द्या."

तो सायकल घेऊन गेला. मल्हारराव डबी हातात धरून उभेच राहिले. आणि मी, मित्रांनो, ज्याच्या पोटात त्या पोराचं खरेपण पडलेलं होतं, तो मी विमानं उडवत होतो. त्या दिवशी मला माझ्या या चुळबुळीची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी कचरू आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. बिरूनं माझ्याकडं पाठ फिरवली. जेवताना तो बापाशी बोलेना. बानाबाई मात्र गप्प बसणारी नव्हती. "तुमचा न्याव लई मोठा," ती नवऱ्याला म्हणाली, "पर ज्या पोरानं आजपातुर मला एक नाणं बी खोटं दिलं नाय, त्येलाच त्यो पुरला नाय. चोर सोडून संन्याशाला फाशी."

मल्हारराव रात्रंदिवस दुकानात येरझाऱ्या घालू लागले. मी त्यांना पाहत होतो. कळपातलं एक मेंढरू मागं राहिलं की धनगराचा पाय जसा एका जागी ठरत नाही, तसं त्यांचं झालं होतं.

शेवटी माझा घसा पुरताच बंद झाला. कुणाचंच टोकन आत जाईना. बंद पाळला जात होता, मिस्त्री यायला तयार नव्हता. एका दुपारी मल्हाररावांनी माझी पिन काढली, देवाचं नाव घेतलं आणि स्वतःच मागची फळी उघडली. बानाबाईनं बॅटरी धरली.

"आगं बया," ती आत वाकून म्हणाली, "कुनी याच्या नरड्यात हळदीकुंकू केलंय?"

मल्हाररावांनी बोट घातलं. पिवळंधमक बोट बाहेर आलं. ते त्यांनी नाकाशी नेलं आणि त्यांच्या तोंडाचा रंग उतरला. त्यांचाच भंडारा होता तो. मग ते चाकूच्या टोकानं एकेक टोकन सोडवू लागले. सगळी हळदीनं माखलेली होती. एकावर मात्र पिवळ्याखाली काळं होतं. मल्हाररावांनी धोतराच्या सोग्यानं वरची हळद हलकेच टिपली, तशी ग्रीसमधली अंगठ्याची रेघन् रेघ दिसू लागली. त्यांनी ते बायकोपुढं धरलं.

बानाबाईनं पाहिलं आणि ती नुसतं म्हणाली, "म्या म्हनलं नव्हतं, सपनातबी वळखीन म्हनून?"

मल्हारराव तसेच उठले. टोकन पटक्यात खोचलं आणि बिरूला सायकलवर घेऊन कचरूच्या खोलीवर गेले. तिथं कुलूप होतं. कचरू गावी गेला होता. शेजाऱ्यांजवळ निरोप ठेवून बापलेक परत आले. येताना बापानं लेकाच्या खांद्यावर हात ठेवलेला मी दारातून पाहिला.

संक्रांतीच्या दिवशी रेडिओवर बातमी आली. विद्यापीठाला नवं नाव मिळालं होतं. कुठं पेढे वाटले गेले, कुठं दारं लागली. आमचं शटर काही दिवस खालीच होतं. अंधारात मी बंद उभा होतो आणि माझा घसा पुन्हा दगा देईल, अशी मला माझीच भीती वाटत होती.

मग एक दिवस शटर वर गेलं आणि दुपारी कचरू आला. दुकान भरलेलं होतं. बानाबाईनं आधी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. मल्हाररावांनी पटक्यातून ते टोकन काढलं आणि ते सगळ्यांदेखत म्हणाले, "हे तुजं हाये, लेकरा. तू खरा व्हतास. माजं चुकलं."

कचरूनं टोकन हातात घेऊन उलटंपालटं केलं. मला वाटलं, आता तो हसेल आणि सगळं पहिल्यासारखं होईल. पण तो हसला नाही.

"टोकन घावलं म्हनून म्या खरा झालो ना, मामा?" तो म्हणाला. "नसतं घावलं तर?"

मल्हाररावांचा मिशीवरचा हात खाली आला. शेवटी बिरूच पुढं झाला, डाव्या दांड्याशी उभा राहिला आणि म्हणाला, "ये, खेळू." कचरू उजवीकडं आला. त्यानं तेच टोकन माझ्या फटीत टाकलं.

मित्रांनो, मी जीव तोडून ते पकडायला गेलो. माझा घसा स्वच्छ होता, लाईटही होती. पण घसा साफ करताना काढलेला पितळेचा पत्रा नुकताच परत बसवला होता, त्याच्या कडेला एक फट राहिली होती. टोकन तिथून घसरलं आणि माझ्या तळाच्या फळीमागं कुठंतरी गेलं. विमानं उडाली नाहीत.

कचरूनं मान वळवली. त्याचा आवाज अगदी साधा होता. "मामा, गिळलं."

भंडाऱ्याची डबी गल्ल्याशेजारीच होती. मल्हाररावांनी तिच्याकडं पाहिलं नाही. माझ्याकडंही पाहिलं नाही, चापट मारली नाही, फळी उघडली नाही. त्यांनी दुसरं टोकन उचललं आणि कचरूच्या काळ्या हातावर ठेवलं.

"घे," ते म्हणाले.

मग खेळ सुरू झाला. बिरू डावीकडून चढला आणि कचरूनं उजवीकडून त्याची पाठ राखली. त्या दिवसापासून डबी देव्हाऱ्यात गेली, ती पुन्हा दुकानात आली नाही. काही खोटी पोरं फुकट खेळून गेली असतील. मल्हारराव म्हणायचे, जाऊ दे.

पुढं घरोघरी टीव्हीवरचे खेळ आले आणि माझ्यापुढची गर्दी ओसरली. आता माझी काच विझली आहे, दांडे लुळे पडले आहेत, उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत. तुम्हाला माझी एवढीच विनवणी, की यंत्राला हात लावण्याआधी हात धुवा, त्याचा घसा वेळच्या वेळी साफ करा, आणि समोरचा माणूस "गिळलं" म्हणाला तर आधी त्याच्या तोंडाकडं बघा, पुरावा मागायची घाई करू नका.

ते दुसऱ्यांदा गिळलेलं टोकन अजून माझ्या तळाशी फळीमागं पडलेलं आहे. कुणी ते शोधलं नाही. कचरू खरा होता की खोटा, हे पाहायला त्यानंतर मला कधीच कुणी उघडलं नाही.