वेळेआधीची मगरिब

हिरव्या प्लास्टिकची मशीद, दोन मिनार, पोटात घड्याळ... अकीला गजराचा काटा मागे फिरवत होती. एकवर. मनाम्याच्या सूक बाजारातून नवऱ्याने, रहिमतुल्लाने, हौसेने आणलेलं, गजराऐवजी अजान देणारं घड्याळ — पण दुपारी एकला मगरिब, सूर्यास्ताची अजान? तोबा! तरी काटा फिरला.

रमजान संपून तीन महिने झाले होते. तिच्या सासूचा, अम्मांचा, मात्र परवापासून सुरू होता. पाण्याचा पेला पुढे केला की तोंड गच्च मिटायचं. "रोज्यात पाणी पाजतेस? लाज नाय वाटत?" संध्याकाळी खरी अजान झाली की ती पहाटेची समजून त्या पुन्हा रोजा धरायच्या. काल पेला भिरकावला; अकीलाच्या कपाळावर अजून टेंगूळ होतं. साखरेचं दुखणं आणि दोन दिवस पोटात काही नाही. आज जेवल्या नाहीत तर अ‍ॅडमिट करा, डॉक्टर म्हणाले होते. अ‍ॅडमिट म्हणजे... गेल्या वेळी सलाईन उपटलं म्हणून दोन्ही मनगटं पलंगाला बांधली होती, आणि अम्मा नुसत्या त्या पट्ट्यांकडे बघत होत्या. नाही. ते पुन्हा नाही.

"तू बघ कायतरी. इंशाल्ला जेवेल," एवढं बोलून नवरा विमानतळावर शिफ्टला गेला. मी बघू! आई कोणाची आणि बघायचं कोणी?

तिने जाड पडदे ओढले, दिवा लावला. बाहेर आखाती मुहर्रकचं ऊन रणरणत होतं, खोलीत संध्याकाळ झाली.

अजान झाली. अम्मांनी डोक्यावरची ओढणी सारखी केली, खजूर उचलला, ओठ हलले. नातीचं नाव गेलं, मुलाचा चेहरा गेला. रोजा सोडायची दुआ मात्र एका अक्षराने चुकली नाही. मग खजूर तोंडात गेला, आणि अकीलाला आनंद झाला... अम्मा जेवल्या याचा नव्हे. फसल्या याचा. दाभोळ, लग्नानंतरचा पहिला रमजान — कुठल्या तरी रेडिओवरची अजान ऐकून ती पाणी प्यायली, आपल्या मशिदीतली अजून व्हायची होती. "एका मिनिटासाठी अख्खा रोजा घालवलास! आता ईदनंतर भरून काढ." अम्मा म्हणाल्या होत्या, सगळ्या जावांसमोर. नंतर घरभर माशाचं कालवण दरवळत असताना ती एकटी उपाशी बसली होती. अठरा वर्षं झाली. आता मोजा अम्मा, किती मिनिटं? पाच तास! ...या अल्ला, इतकी वाईट मी?

ती घाईघाईने पेज भरवू लागली. दुसऱ्या चमच्याला अम्मा थांबल्या. पडद्याखाली उन्हाची पांढरी पट्टी फरशीवर आली होती. त्यांनी तिकडे पाहिलं, मग अकीलाकडे. ती जुनी, लख्ख नजर.

"आज मगरिब लवकर झाली गो."

चमचा हातातच राहिला. कळलं यांना. आता ओरडतील... ओरडल्या की जेवणार नाहीत, आणि मग त्या पट्ट्या... तरी ओरडा अम्मा, जावांना बोलवा, काय वाटेल ते म्हणा. जिला अठरा वर्षं भ्यायले ती नजर अजून थोडा वेळ राहू दे, असं ती मनात म्हणत राहिली.

अम्मांचे डोळे हळूहळू विझले. त्यांनी तोंड उघडलं.

अकीलाने पेज भरवली. आणखी एक चमचा, आणखी एक. हेच तर हवं होतं. वाटी रिकामी होत आली तेव्हा तिला कळलं — तुझं चुकलं, असं तिला म्हणणारं या घरात आता कोणीच राहिलं नव्हतं.