देव्हाऱ्यातला प्रोसेसर

मी एक प्रोसेसर बोलतोय. बोटभर लांबीचं अंग आणि दोन्ही बाजूंना पायांची रांग, त्यामुळे पाहणाऱ्याला मी गोमच वाटतो. पण कॉम्प्युटरचा सगळा विचार मीच करतो, असा माझा तोरा होता.

१९७९च्या हिवाळ्यात नागपूरच्या एका दुकानात जगदेव आला. मूळचा धनज गावचा, नागपूरला इंजिनीअरिंग शिकत होता. त्याला खेळाचा कॉम्प्युटर बांधायचा होता. लाल दिव्यांमधून ठिपका पळणार आणि दोघांनी बटणं दाबून तो एकमेकांकडे परतवायचा. काउंटरवर आम्ही दोन प्रोसेसर होतो. दुसरा माझ्याहून मंद, पण दणकट.

"दणकट घे," दुकानदार म्हणाला. "हा चलाख आहे, पण फार नाजूक. कोरड्या हवेत कापड घासलं तरी वीज तयार होते, तेवढ्यानंही हा मरतो. बसवेपर्यंत या काळ्या स्पंजातून काढू नकोस."

त्या मंद प्रोसेसरवर ठिपका अडखळला असता. जगदेवला ते नको होतं. त्यानं मला निवडलं आणि मी फुगून गेलो.

धनजला त्याचे वडील उकंडराव वाटच बघत होते. "लय झाले खेळ," ते म्हणाले. "उद्या माह्यासमोर चालवून दाखव. चाललं तं जाय नागपूरले. नाही तं वावर हाय."

जगदेव ओसरीत कथलाचे डाग देऊन तारा जोडायला बसला. मला त्यानं आईच्या, प्रयागबाईंच्या हाती दिलं. "आई, हे जपून ठेवजो. याच्यावरच माह्यं सारं हाय."

प्रयागबाईंच्या घरात सगळ्यात जपायची जागा एकच, देव्हारा. पण देवापुढं तो काळा स्पंज कसा ठेवायचा? "शुभकामाले काळं काहून?" असं पुटपुटत त्यांनी मला स्पंजातून उपटलं. देव पुसायला त्यांच्याकडे लग्नातल्या शालूचं रेशमी फडकं होतं. त्यानं मला घासून लख्ख केलं. कोरडी थंडी, त्यात रेशीम. डोळ्यांना न दिसणारी एक ठिणगी पडली आणि मी आतून जळालो. वरून ओरखडासुद्धा नाही.

मग त्यांनी मला कुंकू लावलं, हात जोडले. "माह्या लेकराले यश दे." इतक्या मायेनं मला कोणी हातात धरलं नव्हतं. मला रागही धरता येईना.

सकाळी त्यांनी कुंकू पुसून मला पुन्हा स्पंजात खोचलं आणि लेकाच्या हाती दिलं. त्याला काय कळणार? त्यानं मला बसवलं, बटण दाबलं. एकही दिवा लागला नाही. त्यानं तारा तपासल्या, डाग पुन्हा दिले, घाम पुसला. शेवटी म्हणाला, "माह्याच जोडण्यात चूक हाय. मले येतच नाही हे."

मी त्याच्या बोटांखाली होतो. एक दिवा तरी मला पेटवता आला असता तर!

उकंडराव रागावले नाहीत. उठता उठता एवढंच म्हणाले, "चाल, हरभऱ्याले पाणी द्यायचं हाय." जगदेव त्यांच्यामागून गेला. नागपूरला तो परत गेलाच नाही.

मला त्यानं उकिरड्यावर टाकलं असतं, पण आईनं टाकू दिलं नाही. आता मी देव्हाऱ्यातच असतो. प्रयागबाई रोज मला त्याच फडक्यानं पुसतात आणि म्हणतात, "माह्या पोराचं चालू होऊ दे रे बाप्पा."

कधी धनजला गेलात, तर जगदेवला सांगा की त्याची निवड चुकली नव्हती, डागही चुकले नव्हते. मग काय चुकलं, असं तो विचारेल. तेव्हा मात्र गप्प राहा. आई आतच असते, तिला ऐकू जाईल.